तांदळाचा दाणा आणि नवं बोर्ड

मी कॉम्प्युटरमध्ये आहे, असा घाटकोपरच्या आमच्या अख्ख्या चाळीचा समज आहे. खरं म्हणजे मी अंधेरीतल्या एका ऑफिसात खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढते. कॅबिनेटचा स्क्रू मी जन्मात कधी फिरवला नव्हता. पण बाबांचा कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडेच पाहिलं, आणि मला नाही म्हणवलं नाही.

गिरणी बंद पडल्यावर बाबा मराठी टायपिंग शिकले आणि घरच्या घरी लग्नपत्रिका, मंडळाचे अहवाल, वर्षश्राद्धाची पत्रं करून देऊ लागले. आम्ही त्यावरच शिकलो. दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला. उजवा हात गेला आणि जीभ जड झाली. बोलायला गेले की नुसता घोगरा आवाज निघायचा, मग ते चिडून भिंतीकडे तोंड करायचे. डाव्या हाताने लिहिलेलं त्यांचं त्यांनाच वाचता येत नसे. मोबाइलवर बोट थरथरलं की भलतंच अक्षर पडायचं. जुन्या कॉम्प्युटरचा जाडजूड कीबोर्ड मात्र डाव्या हातालाही ओळखत होता. एकेक बटण दाबून ते आमच्याशी बोलायचे. ‘चहात साखर नाही.’ ‘टीव्ही लहान करावा.’ तोंडाने मालवणी बोलणारा माणूस टाइप करताना मात्र पत्रिकेसारखंच शुद्ध लिहायचा.

कॉम्प्युटरच्या आतलं मुख्य बोर्ड, मदरबोर्ड, गेलं आणि बाबा बारा दिवस मुके झाले. माझा लॅपटॉप आणून ठेवला, तर त्यावर त्यांचा जुना फाँट चालेना. त्यांनी एका बोटाने तो मिटून बाजूला सारला. शेवटी स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्याने जुन्या जातीचं पण न वापरलेलं एक बोर्ड शोधून दिलं. बसवायचे पैसे तो वेगळे घेणार होता. मी म्हटलं, त्यात काय, व्हिडिओ बघून मी बसवते.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर घालून मी कामाला लागले. मुलुंडच्या माझ्या घरून येताना स्क्रूड्रायव्हर विसरले होते, तो शेजाऱ्यांकडून मागून आणेपर्यंत बोर्डाची पूजा झाली होती. आमच्याकडे नवी वस्तू हळदकुंकवाशिवाय वापरात येत नाही, मग तो मिक्सर असो की मुलाची सायकल. बोर्डाच्या कडेला कुंकवाचं बोट होतं आणि आई तबक उचलत होती. मी कपाळाला हात लावला. कुंकू फडक्याने पुसून घेतलं आणि बोर्ड बसवलं.

बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, आणि स्क्रीन काळाच. आतून एक लांब बीप, मग पुन्हा तसाच बीप. पुस्तिकेत लिहिलं होतं, मेमरी नीट बसलेली नाही. काढून बसवली. तोच बीप. सगळ्या वायरी काढून परत लावल्या, बोर्डावरचा नाण्याएवढा सेल काढून पाच मिनिटांनी घातला. बीप काही थांबेना. घामाने माझी वाट लागली होती, त्यात बाबा शेजारच्या खुर्चीत बसून डाव्या हाताने, आईने टेबलाच्या कडेला सरकवलेल्या पूजेच्या तबकावर टकटक करत होते.

“बाबा, झाली ना पूजा? परत कशाला? जरा गप्प बसा ना!”

गप्प बसा, असं मी त्या माणसाला म्हणाले. त्यांनी हात मांडीवर घेतला.

मग मला मेमरीची पट्टी एका टोकाला केसभर वर दिसली. काढली, मोबाइलचा टॉर्च खाचेत धरला, आणि तळाशी कुंकवाने लाल झालेला तांदळाचा अर्धा दाणा चमकला.

मी आईवर जी घसरले ती विचारू नका. “अगं, हा काय देव आहे का अक्षता टाकायला? बारा दिवस तो माणूस बसलाय नुसता! तुला जरा म्हणून कळत नाही?” आई एक शब्द बोलली नाही. आत गेली, दात कोरायची काडी घेऊन आली आणि माझ्या हातात दिली. एरवी ती एकाला चार ऐकवणारी बाई आहे. तिचं गप्प राहणं तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

दाणा निघाला. पट्टी दोन्ही बाजूंनी टक्‌ करून बसली, एकच छोटा बीप झाला आणि स्क्रीन उजळला. पण त्यावर लिहून आलं की सुरू करायला डिस्कच सापडत नाही. इथे मात्र ऑफिसातलं ज्ञान उपयोगी पडलं. डिस्क जुन्या पद्धतीने सुरू होणारी आणि बोर्ड नव्या पद्धतीवर लावलेलं. सेटिंगमध्ये जाऊन ते जुन्या पद्धतीवर आणलं, जतन केलं, आणि देवाचं नाव घेतलं. दोनदा आपणच बंद होऊन तिसऱ्यांदा बाबांचा ओळखीचा पडदा समोर आला. कोपऱ्यात कुणाच्या तरी पत्रिकेचा गणपती तसाच होता. मला रडूच आलं.

खुर्ची ओढून बाबांना पुढे घेतलं. बारा दिवसांनी पहिलं काय लिहितील? मला वाटलं, माझं कौतुक. बोट थरथरत होतं, एकेका अक्षराला वेळ लागत होता. मी मागे उभी राहून वाचत होते.

‘आईस बोलू नये. अक्षता मी वाहिल्या. डावा हात हलला.’

मी आईकडे वळले. ती तबकातून सांडलेले तांदूळ वेचत होती.

“तू का नाही बोललीस? मी एवढी ओरडले तुला!”

“तेंचा तेंकाच सांगूचा होता गो,” आई म्हणाली. “मगे मिया कशाक सांगू?”