ओव्हरटाइम सोडून

मोशीला आमच्या साइटवर फ्लॅट विकणारे काका सॅम्पल फ्लॅटमध्येही चपला बाहेर काढून जातात. कार्पेट एरिया ते कधी सांगत नाहीत. "हितं आईची खाट बसंल," एवढंच म्हणतात. मी टेबलामागे फॉर्म भरते आणि शक्यतो बोलत नाही.

कर्जाचं व्याज वाढल्यापासून माणसं नुसती बघून जातात. बिल्डर भाव उतरवत नाही, मॉड्युलर किचन फुकट देतो. गेल्या महिन्यात काकांचं एकही बुकिंग नव्हतं. एक तरी आणा, नाहीतर घरी बसा, असं साहेबांनी त्यांना माझ्यासमोरच सांगितलं होतं.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी चाकणच्या कंपनीतला एक जण बायकोला घेऊन आला. घर दोघांना आवडलं. त्याने चेकबुक काढलं, तेव्हा काकांनी विचारलं, "पगार सांगितला, तो ओव्हरटाइम धरून का?"

"हो, धरूनच."

"सोडून सांगा."

बायको हसली. "ओव्हरटाइम सोडला तर ह्यांच्याकडं उरतं काय?"

"वहिनी, ओव्हरटाइम कधीबी बंद व्हतो, हप्ता न्हाई. व्याज उतरू द्या, मग या."

ती दोघं गेली. साहेब आतून आले आणि त्यांनी मला विचारलं, "पार्टी का गेली?"

काका खाली बघत होते.

"व्याज परवडत नव्हतं, सर," मी म्हणाले. साहेब हलेनात, म्हणून मी आणखी एक वाक्य बोलले.

"काकांनी खूप समजावलं त्यांना."