व्याह्यांचे दिवे आणि सेकेंची व्होल्गा

सेरगाझी झाकीबायेव यांना आमच्या गॅरेजांच्या रांगेत सगळे मानाने 'सेके' म्हणतात. मान त्यांना आवडतो आणि तो मिळाला नाही तर ते मागून घेतात. आमच्या करागांदा शहराच्या कोळसा खाणीत माणसे वर-खाली नेणाऱ्या पाळण्यावर त्यांनी आयुष्यभर वायरमनचे काम केले. निवृत्तीच्या आदल्या वर्षी कोळशाचा डबा उजव्या गुडघ्यावर आदळला. पाय वाचला, पण तो एका जागी दाबून धरला की थोड्याच वेळात गुडघा आखडतो. चालताना ते लंगडतात, आणि कोणी बाजूला होऊन वाट दिली की चिडतात.

त्यांची पांढरी व्होल्गा गाडी वयाने माझ्याहून थोडीच लहान आहे. गेल्या हिवाळ्यात तिचे जुने इंजिन कायमचे बसले. सेकेंनी मोडीत निघालेल्या एका गाडीचे सहा सिलिंडरचे जपानी इंजिन आणले आणि ते व्होल्गात बसवले. माझे गॅरेज शेजारीच. बेकरीच्या कारखान्यातले हिशेब आटोपून मी संध्याकाळी तिथे जात असे आणि टॉर्च धरीत असे. इंजिन पहिल्यांदा धडधडले तेव्हा सेके ते बंदच करीनात. रांगेतल्या प्रत्येकाला बोलावून त्यांनी तो आवाज ऐकवला.

मे महिन्यात चारशे किलोमीटरवरच्या बल्खाशहून त्यांच्या लेकीचा फोन आला. नातू चालायला लागला होता. आमच्याकडे अशा वेळी मुलाच्या पायांना दोरी बांधून ती कापतात. कापणारे माणूस पायाने चपळ असावे लागते, म्हणजे मूलही तसेच होते. हा मान सेकेंच्या बायकोला, बालझानला मिळाला होता. जावई म्हणाला, मीच गाडी घेऊन येतो आणि दोघांना नेतो. सेके एकदम तापले. आपल्या बायकोला दुसऱ्याच्या गाडीतून न्यायला आपण काय खाटेला खिळलो आहोत? पण बालझान ठाम होती. मागच्या वेळी त्याच रस्त्यावर त्यांचा गुडघा आखडला होता आणि तिने गाडीबाहेर वाऱ्यात बसून तो चोळला होता. ती माझ्यासमोरच म्हणाली, "घरधनी, चारशे किलोमीटर पाय न दाबता गाडी चालवून दाखवा. नाहीतर शुक्रवारी जावई येईल आणि तुम्ही मागे बसाल."

"दाखवतो," सेके म्हणाले.

त्यासाठी त्यांनी भंगार बाजारातून क्रूझ कंट्रोलचा संच आणला. एक छोटी पेटी, ॲक्सिलरेटरची तार ओढणारी एक मोटर आणि स्टिअरिंगजवळ लावायचा एक दांडा. वेग ठरवून दांडा दाबला की पाय काढून घ्यायचा, पुढचे पेटी बघते. ब्रेक दाबला की पेटी लगेच सोडून देते. मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टला आम्ही दोन चुंबके चिकटवली, त्यांच्यावरून पेटीला वेग कळतो. प्रत्येक वायरीला मी चिकटपट्टी लावून नाव लिहिले. सेके हसले, "हिशेबनीस, गाडी आहे ही, तिजोरी नाही." पण पुढे त्याच चिठ्ठ्या वाचून जोडणी करू लागले.

रविवारी गॅरेजच्या दारातच चाचणी घेतली. पेटीवरचा लाल दिवा ब्रेक दाबला की लागायचा, सोडला की विझायचा. हेच हवे होते. सेकेंनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की टॉर्च हातातून पडला.

सोमवारी त्यांचे बल्खाशचे व्याही कामानिमित्त करागांदात आले. नवे इंजिन पाहिल्यावर 'बायगाझी' द्यायलाच हवी. कोणाकडे नवी वस्तू दिसली की पाहणाऱ्याने काहीतरी भेट द्यायची, ही आमची रीत. व्याह्यांनी बाजारातून मागच्या ब्रेकच्या दिव्यांसाठी लखलखीत एलईडी आणले आणि आपल्या हाताने बसवले. सेकेंनी मिठी मारून आभार मानले.

दुसऱ्या दिवशी गाडी रस्त्यावर नेली, तर पेटी ढिम्म. लाल दिवा विझेचना. ब्रेक कोणीतरी दाबूनच धरला आहे अशी तिची समजूत झाली होती. सेकेंनी ब्रेकचा स्विच बदलला, वायरी सोडून पुन्हा जोडल्या, पेटी उघडून साफ केली. दिवा तसाच. गुरुवारी दुपारी ते गाडीखालून बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

बालझान थर्मासमधून दुधाचा चहा आणि बाउरसाक, म्हणजे तळलेले पिठाचे गोळे, घेऊन आली. तिने विचारले, व्याह्यांनी दिवे बसवले त्यानंतरच बिघडले ना?

"दिवे शेपटीला, पेटी तोंडाशी," सेके गुरगुरले. "तू बाउरसाक वाढ."

त्यांनी चहाच्या वाटीतून एक घोट घेतला आणि वाटी हातात तशीच धरून बसले. मग वाटी खाली ठेवून ते लंगडत मागे गेले, एक एलईडी काढला आणि तिथे जुना साधा बल्ब घातला. लाल दिवा विझला.

"अरे!" एवढेच ते म्हणाले, आणि हसत सुटले. ब्रेक मोकळा असताना पेटी जुन्या बल्बच्या तारेतून गाडीच्या सांगाड्याशी, म्हणजे अर्थिंगशी, जोडलेली राहते, तेव्हाच तिला ब्रेक मोकळा असल्याचे कळते. एलईडीतून तिला ती वाटच मिळत नव्हती.

हसणे लवकरच ओसरले. व्याह्यांनी दिलेले दिवे काढून त्यांच्याच दारात गाडी उभी करायची? उभ्या बल्खाशमध्ये चर्चा झाली असती. मी म्हणालो, खराब झाले असे सांगा. सेके माझ्याकडे असे बघू लागले, जणू मी त्यांनाच खराब म्हणालो.

"भेट खराब झाली म्हणू? त्यापेक्षा जावयाच्या गाडीत मागे बसेन."

आणि मग त्यांनाच सुचले. एलईडी परत जागेवर लावला. जुना बल्ब त्याच वायरीला जोडून डिकीच्या कोपऱ्यात, कोणाला दिसणार नाही असा बसवला. तापून काही जळू नये म्हणून भोवती चहाचा रिकामा पत्र्याचा डबा. ब्रेक दाबला की बाहेर व्याह्यांचा दिवा लागे, आत डब्यात आमचा.

थोडे अंतर चालवून बघायला आम्ही तिघे लगेच बल्खाशच्या रस्त्यावर निघालो. गाव मागे पडले. काटा नव्वदवर आला, सेकेंनी दांडा दाबला आणि पाय उचलला. गाडी चालतच राहिली. चढ आला, इंजिनाने स्वतःच जोर लावला, काटा हलला नाही. बालझान वाकून त्यांचे पाय खरोखर बघत होती. सेकेंनी ब्रेकला नुसता स्पर्श केला, गाडीने ओढ सोडली. पुन्हा दांडा, पुन्हा नव्वद. मी मागे पुढच्या सीटची पाठ घट्ट धरून बसलो होतो.

परत वळायची ठरलेली जागा आली. सेके वळले नाहीत, बालझाननेही आठवण केली नाही. तिने फोन काढला आणि जावयाला सांगितले, "बाळा, उद्या पेट्रोल जाळू नकोस. सासरे मला घेऊन निघालेत."

फोन पर्समध्ये टाकून ती नवऱ्याकडे वळली. सेकेंनी उजवा पाय सीटवर दुमडून मांडी घातली होती.

"पाय खाली घ्या," ती म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक?" सेके म्हणाले. दोन्ही बाजूंना फक्त घोडे चरत होते.