सुफियाचा बॉक्स

दौंडच्या रेल्वे कॉलनीमागं राहणारी सुफिया दिवसभर ब्लाऊज शिवायची आणि बोलावणं आलं की गायला जायची. हळद, मेंदी, बारसं, डोहाळजेवण. कुणाची ओसरी, कुणाची गच्ची, फार तर गावातलं समाजमंदिर. शेजारची चांगुणा ढोलकी धरायची. दोघींना बोलावताना कुणी जात-धर्म पाहिला नाही. गळा गोड, एवढंच पाहिलं.

पूर्वी नुसत्या गळ्यावर भागायचं. मग जो तो मंडपवाल्याकडून डीजेचे थोराड बॉक्स आणू लागला. त्यातून सुफियाचा आवाज असा यायचा, जणू बाई रांजणात तोंड घालून गातेय. मध्येच कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजायची. बायका कानांत बोटं घालायच्या आणि कुणीतरी उठून माईकला चापट्या मारायचं.

"माईकच खराब असंल," चांगुणा म्हणायची.

"दर गावचा माईक खराब कसा असंल गं?"

हा प्रश्न सुफियाला सोडेना. राहू गावात एका हळदीला गाता गाता ती बॉक्सच्या मागं गेली, तर शिट्टी बंद. पुढं आली, तर पुन्हा सुरू. तिनं मागं-पुढं, मागं-पुढं करून पाहिलं. बायकांना वाटलं नाचतेय, त्यांनी टाळ्या धरल्या.

त्यानंतर तिनं ठरवलं, आपला बॉक्स आपणच घ्यायचा. पैसे बेताचेच होते. नवरा शाकीर म्हणाला, "घेतेस तर मोठा घे, परत परत घ्यायचा नाही." तिला मात्र मोठा हवा की बरा हवा, हेच आधी कळायला हवं होतं.

शिरूरला विश्वजीतचं स्पीकर दुरुस्तीचं दुकान होतं. नवे-जुने बॉक्सही तो विकायचा. त्यानं मोबाईल जोडून एक दणदणीत गाणं लावलं. काच थरथरली.

"कसा वाटला, ताई?"

"गाणं झ्याक हाय. पण ते आधीच गाऊन झालेलं हाय, दादा. मला माईक द्या."

तिनं माईक चांगुणाच्या हातात दिला, काउंटरवरचं वर्तमानपत्र तिच्यापुढं ठेवलं आणि स्वतः रस्ता ओलांडून रसवंतीच्या बाकावर जाऊन बसली. चांगुणानं बाजारभाव वाचले. थोराड बॉक्समधून गडगडाट आला. कांदा की बटाटा, पत्ता लागला नाही.

ती परत आली तेव्हा विश्वजीतचंही कुतूहल चाळवलं होतं. "गाणं म्हणून का न्हाई बघितलं?"

"ओळखीचं गाणं अर्धं ऐकू आलं तरी बाकीचं आपलं मनच भरतं. बाजारभाव मला पाठ न्हाईत."

विश्वजीत हसला आणि त्यानं एकेक बॉक्स उतरवायला घेतला. शिट्टी का येते, तेही त्यानं सांगितलं. बॉक्समधला आवाज माईकमध्ये शिरतो, माईकमधला पुन्हा बॉक्समध्ये, असा गरगर फिरत वाढत जातो. म्हणून बॉक्स गाणाऱ्याच्या पुढं ठेवायचा, तोंड लोकांकडं करून. राहूत नेमकं काय झालं होतं ते सुफियाला तिथं उमगलं.

कोपऱ्यात एक वापरलेला लहान बॉक्स होता. आत अँप्लिफायर असलेला, एका हातानं उचलण्याजोगा. विश्वजीतनं तो स्टँडवर, बसलेल्यांच्या डोक्यांच्या वर येईल असा चढवला, बेसचं बटण उतरवलं. सुफिया पुन्हा बाकावर जाऊन बसली. समोरून ट्रक जात होते, तरी चांगुणाचा कांदा आणि बटाटा वेगवेगळे ऐकू आले.

"जोडी नको, एकच घ्या," विश्वजीत म्हणाला. "दुसऱ्या बॉक्सचे पैसे माईकात घाला. तुमच्या कामाला तेच बरं. आन् माईक तोंडाजवळ धरा."

तिनं तसंच केलं.

पहिलं बोलावणं मांडवगण फराट्याचं आलं. बापूसाहेबांच्या सुनेचं, अनुपमाचं डोहाळजेवण. घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. पार शेवटी, पाण्याच्या पिंपापाशी, शेजारच्या दगडाबाई टेकल्या होत्या. सुफियानं स्टँड पुढं लावला आणि ओवी धरली:

"तिसऱ्या गं महिन्यात सई मागे बाभळीची चिंच,
हात पोचंना दिराचा, फांदी आभाळाएवढी उंच."

"थांब जरा, पोरी," मागून दगडाबाई म्हणाल्या. ढोलकी थांबली. "कशाची चिंच म्हनलीस?"

"बाभळीची, आजी. डोहाळेच ते. जे नसतं तेच मागायचं."

"बाभळीची न्हाई. गाभुळी चिंच. अर्धी कच्ची, अर्धी पिकलेली. तिसऱ्या महिन्यात बाईच्या तोंडाला तेवढीच चव लागती."

शेडमध्ये हशा पिकला. सुफियाचे कान तापले. पण लाजेपेक्षा नवल मोठं होतं. ही ओवी ती लहानपणी राहूत शिकली होती, पलीकडच्या वस्तीवर झाडाला टांगलेल्या कर्ण्यातून, बांधावर बसून. कर्ण्यानं एक शब्द बदलला आणि तो तिनं गावोगाव गायला.

"इतक्या गावांत म्हटली. कुणी बोललं न्हाई."

"ऐकू कुठं यायचं," दगडाबाई म्हणाल्या. "मला कार्यक्रमात नुसता गोंगाट यायचा, म्हणून मागं बसायची सवय लागली. आज शब्द आला, तवा बोलले."

सुफियानं ओवी सुधारून म्हटली. अनुपमा म्हणाली, "ताई, बाभळीचीपण एकदा म्हणा. मला तीच आवडली." मग तीही झाली.

जेवणं झाल्यावर सुफिया दगडाबाईंच्या शेजारी जाऊन बसली आणि येत होत्या तेवढ्या ओव्या एकेक करून म्हणून दाखवू लागली. चारदोन ठिकाणी म्हातारीनं हात वर केला. पाळण्याच्या ओवीशी मात्र दोघी अडल्या. सुफिया 'रेशमाची दोरी' म्हणत होती, दगडाबाई 'रेशमाची घडी'.

"पाळण्याला घडी कशाला, आजी?"

दगडाबाईंनी ती ओळ पुन्हा एकदा पुटपुटून पाहिली. "म्हंजी, मीबी लांबूनच ऐकली असंल," त्या म्हणाल्या. "राहूत सरूबाई हाय, तिच्या आईची होती ही ओवी. तिला इचार."

परतीच्या जीपमध्ये बॉक्स मांडीवर घेऊन सुफिया चांगुणाला म्हणाली, "शुक्रवारी राहूला जायचं का?"

"बोलावणं हाय का तिकडं?"

"न्हाई," सुफिया म्हणाली. "इचारायला जायचं."