जर्मन काकाजींचा खड्डा

काकाजी रेकॉर्ड लावत तेव्हा घरात कुकर लावायला बंदी होती. शिट्टी कोणत्या सुरात वाजेल याचा भरवसा नसतो, असं त्यांचं म्हणणं. काकू डाळतांदळाचा कुकर फडक्यात गुंडाळून शेजारणीकडे जायची आणि शिजवून परत आणायची. एकदा येताना पावसात सापडली आणि बराच वेळ ओसरीच्या टोकाशी भिजत उभी राहिली. आत रेकॉर्डवर कोणीतरी मरत होतं, आणि त्या ऑपेरात, म्हणजे सगळं गाऊन सांगणाऱ्या परदेशी नाटकात, माणूस मरायला सुरुवात करतो तो लवकर आटोपत नाही.

काकाजी म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. बालाघाटात आमची दोन घरं एका भिंतीची. ते तिरोडीच्या मॅंगनीज खाणीत सर्व्हेयर होते. तिथे यंत्र बसवायला आलेला एक परदेशी इंजिनिअर जाताना रेकॉर्डचा गठ्ठा त्यांच्याकडे टाकून गेला. सगळ्या एकाच जर्मन संगीतकाराच्या. त्या दिवसापासून काकाजी त्याचे झाले आणि गावानं त्यांचं नाव जर्मन काकाजी ठेवलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. ऐकवायला कोणीतरी हवं म्हणून त्यांनी मला धरलं.

ते सांगत सुंदर, हे मला आजही नाकारता येत नाही. चार संध्याकाळी चालणारं त्याचं ते महानाट्य काकाजी मला पाटावर बसवून सांगत. नदीच्या तळाशी सोनं आहे. एक बुटका प्रेमाला लाथ मारून ते चोरतो. मग जमिनीखाली बुटक्यांची खाण, त्यांच्यावर उगारलेला चाबूक, ऐरणींवर पडणारे हातोडे. त्या जागी काकाजी डोळे मिटत. "हे ऐक पोरी. हे तिरोडी आहे. हा माणूस कधी खाणीत उतरला नसन, पण त्याले मालूम आहे." पुढे हळूच म्हणत, "खालून येते तोच खरा आवाज." आठ-नऊ वर्षांच्या मुलीला याहून मोठं वाक्य कोण देणार. मी ते जपून ठेवलं होतं.

त्या जर्मन माणसानं स्वतःचं नाट्यगृह बांधून घेतलं होतं आणि त्यात वादक मंचाखालच्या खड्ड्यात झाकून टाकले होते. प्रेक्षकाला फक्त सूर ऐकू यावेत, घामेजलेले वादक दिसू नयेत. काकाजींना ही कल्पना देवघरासारखी वाटे. "वाजवणारा दिसला का संगीत मेलं," असं ते पाहुण्यांनाही सांगत. पाहुणे हौ म्हणून चहा पीत.

आमच्या मराठी मंडळात गणपतीत नाटक होई. एका वर्षी काकाजींनी संगीत नाटकाला चाली दिल्या, आणि चाली खरोखर चांगल्या होत्या. त्यांत त्यांना क्लॅरोनेट हवं होतं. ते त्यांना एका वरातीत सापडलं. सुदाम नावाचा तिशीतला बँडवाला घोड्यापुढे वाजवत होता. काकाजी नवरदेवाला सोडून त्याच्यामागे अर्धा गाव चालत गेले आणि दुसऱ्या दिवशी त्याला घरी बोलावलं.

घरी म्हणजे अंगणात. सुदाम ज्या जातीचा होता तिच्या हातचं पाणी आमच्याकडे चालत नसे. काकाजी ओसरीवर खुर्चीत बसत, तो खाली पेरूच्या झाडाखाली उभा राही. काकाजी गुणगुणत, तो वाजवी. क्लॅरोनेटच्या तोंडाशी वेताची पातळ पट्टी असते, तिला रीड म्हणतात. चांगली रीड काकाजी नागपूरहून मागवत आणि सुदामच्या ओंजळीत वरून टाकत, बोट लागू न देता, प्रसादासारखी. सुदाम ती झेलून लगेच ओठांत धरी. हे मी रोज पाहत होते आणि रोजचं म्हणून मला ते दिसत नव्हतं.

नाटकासाठी काकाजींनी मंचापुढे खड्डा खोदायला लावला. वर फळ्यांचा आडोसा. जर्मनीत आहे तसाच. फक्त जर्मनीतल्या त्या गावात आपला भादवा नसतो. पहिल्याच रंगीत तालमीला खड्ड्यात घोट्यापर्यंत पाणी साचलं आणि बेडूक आले. हार्मोनियमवाले गुरुजी पहिल्या अंकातच पेटी डोक्यावर घेऊन वर चढले. "साहेब, तुमचं जर्मनी तुमालेच मुबारक. माह्या पेटीचा भाता भिजला त माह्यी बायको मले खड्ड्यात घालन." काकाजी हसले. गुरुजींना विंगेत खुर्ची मिळाली. तबलजीही चढला, त्यालाही जागा मिळाली. दोघं प्रेक्षकांना स्वच्छ दिसत होते.

सुदाम पाण्यात उभा होता. फळ्यांमधून डोकं काढून त्यानं विचारलं, "साहेब, मी बी येऊ का वर?"

"तू आला वर," काकाजी म्हणाले, "त मंग खड्डा कायले खोदला?"

ते रागावले नव्हते. अगदी सहज बोलले. मंडळी हसली, सुदामही थोडा हसला आणि डोकं खाली घेतलं.

नाटकाच्या दिवशी कटंगीकडून त्याची बायको शेवंता आणि सासरची माणसं आली होती. नवरा मोठ्या लोकांत वाजवतो हे दाखवायला त्यानं त्यांना बोलावलं होतं. ती मागे ताडपत्रीवर बसली होती. क्लॅरोनेट असं वाजलं की पावसात कोणी उठलं नाही. शेवटी पाहुण्यांनी विचारलं, हे कोण वाजवत होतं. काकाजी मंचावर आले, हात जोडले आणि म्हणाले, "नाव विचारू नका. दिसत नाही हेच त्याचं मोठेपण." टाळ्या पडल्या. शाल आणि नारळ काकाजींना मिळाला.

मी मंचामागे होते. सुदाम चिखलानं भरलेले पाय नळाखाली धरून उभा होता. शेवंता त्याला शोधत आली.

"कोठी होते तुमी?"

"खालीच होतो."

"वाजवलं नाही का मंग?"

"मीच त वाजवत होतो."

"माय," ती म्हणाली, "मले वाटलं कॅसेट लावली."

त्यानंतर मंडळानं कितीदा बोलावलं तरी सुदाम गेला नाही.

पुढे मी शिकायला जबलपूरला गेले. तिथल्या ग्रंथालयात त्या जर्मन माणसाविषयी वाचत बसले, मुख्यतः काकाजींना चकित करावं म्हणून. त्यानं ज्यू संगीतकारांविरुद्ध एक निबंध लिहिला होता. आधी खोट्या नावानं, पुढे बऱ्याच वर्षांनी, धीर आल्यावर, स्वतःच्या. यांना खरं संगीत येऊच शकत नाही, हे फक्त नक्कल करतात, असं त्यात होतं. शब्द इतके ओंगळ की मी पुस्तक मिटून बोटं रुमालाला पुसली. ज्या मित्रानं त्याचं संगीत वाजवून दाखवलं, त्याचीच बायको त्यानं नेली. त्याच्या शेवटच्या, फार पवित्र मानलेल्या ऑपेरासाठी त्याला पोसणाऱ्या राजाचा वाद्यवृंद हवा होता, आणि त्याचा संचालक ज्यू होता. तू आधी धर्म बदल, म्हणून हा त्याच्या मागे लागला. त्यानं बदलला नाही. वाद्यवृंद हवाच होता, म्हणून त्यालाच घ्यावं लागलं. झाकलेल्या खड्ड्यात उभा राहून त्या माणसानं तो ऑपेरा उभा केला. मला तिथे सुदाम दिसला, आणि काकाजींचा खड्डा पहिल्यांदा कळला. पुढे जर्मनीच्या हुकूमशहानं हेच संगीत डोक्यावर घेतलं. ज्यूंच्या देशात ते अजूनही सहसा जाहीरपणे वाजत नाही.

सुट्टीत मी काकाजींना हे सगळं वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "मले मालूम आहे," ते म्हणाले.

"मालूम आहे आणि तरी?"

"आंबा खाय पोरी. झाड कोणाच्या वावरात आहे हे काहून पाह्यते? संगीत सगळ्याच्या वर आहे. माणसाच्या वर, जातीच्या वर, धर्माच्या वर."

"मग सुदाम खाली का होता?"

त्यांनी रेकॉर्ड लावली.

यंदा उन्हाळ्यात काकाजी अंथरुणाला खिळले. काकू आधीच गेली होती. सगळं मीच करत होते. दूध भरवणं, कूस बदलणं, आणि उशाशी मोबाईलवर तेच संगीत बारीक लावून ठेवणं. त्यांच्या घामाचा वास माझ्या हातांना लागला होता. एका दुपारी ते म्हणाले, "माह्या यात्रेत सुदामले वाजवाले सांगजो. चार संध्याकाळच्या नाटकातला तो वीर मेल्यावर जे वाजते ना, ते. त्याले येते. मीच शिकवलं होतं."

पिकलं पान गळलं की आमच्याकडे बाजा लावतात. मी हो म्हटलं.

"पण मागून," ते म्हणाले. "तिरडीच्या मागून. जरा दुरून."

बाजा सगळीकडे तिरडीच्या पुढे चालतो. मी त्यांच्या तोंडावरून ओलं फडकं फिरवलं आणि चप्पल घातली.

सुदामची आता स्वतःची बँड पार्टी आहे. बसस्टँडच्या मागे दुकान, पाटीवर त्याचं नाव. मी निरोप जसाच्या तसा सांगितला. शेवंता आतून ऐकत होती. "मरतानी बी खड्डा घेऊनच चालले म्हना तुमचे काकाजी," ती म्हणाली.

सुदामनं तिला गप्प केलं. "ते धुन मले पूरी याद आहे, ताई," तो म्हणाला. "तशी धुन मले कोणी दुसऱ्यानं देल्ली नाही. मी वाजवीन. पण पुढं चालीन. आन हे त्याइले आत्ताच सांगा, ते जित्ते आहेत तोवर. नाही त मेलेल्या माणसाले फसवल्यासारखं होते."

मी घरी येऊन सांगितलं. काकाजी छताकडे पाहत होते.

"माह्यापुढं?"

"हौ."

मोबाईल वाजत होता. त्यांनी तो बंद करायला खूण केली. जन्मभर या माणसानं एकच गोष्ट शिकवली होती, की संगीतासाठी सगळं सोडावं. मी त्यांच्या ओठांकडे पाहत राहिले. मला वाटत होतं, आता हेही सोडतील.

"मंग राहू दे," ते म्हणाले.

"काकाजी, मग वाजणारच नाही काही."

"नाही त नाही."

तिसऱ्या दिवशी ते गेले. मुलगा नव्हता म्हणून मडकं मी धरलं. मी रडले, आणि काकाजींसाठीच रडले. पाटावर बसून ऐकलेली ती नदी, ते हातोडे, माझ्याजवळ आहे ते सगळं त्यांनीच दिलेलं. आणि त्याच वेळी त्यांच्या त्या 'नाही त नाही'ची किळसही येत होती.

वैनगंगेकडे जाताना यात्रा सुदामच्या दुकानावरून गेली. त्यानं रीतीप्रमाणे शटर अर्ध्यावर ओढलं होतं आणि शेवंतासह बाहेर उभा होता. त्यानं हात जोडले. आम्ही पुढे गेल्यावर शटर वर गेल्याचा आवाज आला. मी जरा हळू चालले, कान मागे ठेवून. काही ऐकू आलं नाही.