धुकं की दाणे

धाकटीला घरात सगळे फौजदार म्हणत. उलटतपासणी घेतल्याशिवाय तिला काही पटायचंच नाही. आई म्हणाली दूध उतू गेलं, की ही विचारणार, गॅस किती मोठा होता आणि तू कुठं होतीस? थोरला भाऊ नववीत शाळा सोडून गाड्या रंगवायला लागला, आणि त्याच्या हातचा रंग बघायला माणसं चार गल्ल्या ओलांडून येतात, यात बढाई काही नाही. पण ही पोरगी मात्र अशी शिकली, की ती काम काय करते हे कळायलाच घरच्यांना दोन वर्षं लागली.

काम असं. वर अवकाशात एक दुर्बीण फिरते, ती गॅमा किरण पकडते. म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, फार ताकदीचा उजेड. आपल्या आकाशगंगेच्या मधोमध हा उजेड हवा त्यापेक्षा जास्त दिसतो, आणि तो कुठून येतो यावरून मोठमोठे शहाणे वर्षानुवर्षं भांडतायत. काही म्हणतात, तिथं न दिसणारा पदार्थ भरलाय, त्याचे कण एकमेकांवर आपटून संपतात आणि हा उजेड सुटतो. तसं असेल तर तो धुक्यासारखा एकसारखा हवा. बाकीचे म्हणतात, छे, ते हजारो मेलेले तारे आहेत, सेकंदाला शेकडो गिरक्या घेणारे, पण एकेकटे दिसणार नाहीत इतके मंद. मग उजेड दाणेदार हवा.

फौजदारीणबाईंनी आकाशाचे चौकोन पाडून तीन वर्षं किरण मोजले. निकाल आला: दाणे. शुक्रवारी पेपर छापायला जाणार होता, सोमवारी कायमच्या नोकरीची मुलाखत, आणि घेणाऱ्यांत तिचेच सर, पेपरावर त्यांचंही नाव. नाहीतर महिनाअखेरीला हातातली नोकरीही संपत होती.

मंगळवारी ती स्कूटरचा आरसा बसवून घ्यायला भावाच्या गॅरेजवर गेली. तिथं एक टॅक्सीवाला तणतणत उभा होता.

"ही माझी धाकटी," थोरल्यानं त्याला मधेच तोडलं. "हजारो मेलेले तारे शोधलेत हिनं. एकटीनं!"

"एवढे मेले आणि कुणाला पत्ता नाही?" टॅक्सीवाला म्हणाला. "ते राहू द्या. माझं दार खरखरीत का आलंय, ते शोधा."

"एकटीनं नाही रे दादा," ती पुटपुटली आणि दारावर बोट फिरवलं. खरंच दाणे होते. "कोऱ्या पत्र्यावर मारून बघितलास का रंग?"

"बघितला. आरशासारखा आला. कोऱ्या पत्र्यावर रंगाची गन कायम शहाण्यासारखीच वागते ग. ज्या दाराची तक्रार, त्याच दारावर मारून बघायचं."

त्यानं नवा डबा फोडला, रंग गाळून घेतला आणि त्याच दारावर एक पट्टा मारला. वाळल्यावर बोट फिरवलं. दाणेच.

"बघा. चांगल्यातला चांगला रंग मारला तरी दाणे. म्हणजे रंग निर्दोष. खालचा जुना थर खराब आहे, सगळा खरवडावा लागणार."

टॅक्सीवाल्यानं कपाळाला हात लावला. पण तोंड पडलं ते धाकटीचं. तिनं आपली मोजायची पद्धत तपासली होती ती कॉम्प्युटरवर बनवलेल्या कोऱ्या आकाशावर. खऱ्या आकाशावर कधीच नाही. आणि खऱ्या आकाशालाही खाली थर असतो. ताऱ्यांच्या मधल्या वायूचा आणि धुळीचा स्वतःचा उजेड असतो. तो वजा करायचा नकाशा जागोजागी अंदाजानंच काढलेला.

"चक्कर आली का ग?"

"नाही. मी निघते."

"अग, आरसा!"

बुधवारी तिनं धुक्यासारखा सपाट, खोटा उजेड बनवून खऱ्या आकाशाच्या मोजणीत मिसळला आणि पद्धतीला विचारलं, यात धुकं किती? उत्तर आलं, धुकं शून्य, सगळे दाणेच. उजेड दुप्पट केला. तरी दाणे. स्वतःच्या हातानं ओतलेलं धुकं होतं ते!

गुरुवारी ती सरांच्या खोलीत गेली. सरांनी आकडे दोनदा वाचले.

"मग मेलेले तारे नाहीत म्हणतेस?"

"तसंही नाही, सर. असतील. नसतील. आपल्या पद्धतीला कळत नाही, एवढंच कळलंय."

"हे पुढच्या पेपरात घालू. उद्याचा जाऊ दे. सोमवारी समितीला दाखवायला तुझ्याकडे दुसरं आहे काय?"

"माझं नाव काढा मग."

नाव काढून पेपर कसा पाठवणार? मोजणी सगळी तिचीच. सरांनी पेपर थांबवला, पण महिनाभर तिच्याशी कामापुरतंच बोलले. सोमवारी तिनं समितीला जे आहे तेच सांगितलं. कायमची जागा दुसऱ्याला गेली. तिला एक वर्षाची मुदतवाढ मिळाली, वायूचा नकाशा नव्यानं काढायला.

घरी सांगितलं तेव्हा थोरला जेवता जेवता थांबला.

"अख्ख्या गॅरेजला सांगून बसलोय मी! आता काय सांगू?"

"ठरलेलं नाही म्हणून सांग."

"तीन वर्षं राबून ठरलेलं नाही?"

"दादा, माझी कायमची जागा गेली, आणि तुला गॅरेजची पडलीय?"

वहिनीनं त्याच्याकडे असं बघितलं, की त्यानं मुकाट्यानं घास गिळला.

"खरवडावं लागणार म्हणजे," शेवटी तो म्हणाला.

"सगळं."

"किती चौकोन?"

"साडेचार हजार."

"मग सुरुवात कुठून करणार?"

"कडेनं. तिथं वायू पातळ आहे, चूक लगेच दिसते."

"बरोबर," थोरला म्हणाला. "मीपण कडेनंच धरतो."