कुठलं ग्रँड?

रणजितकाकांचा आवाज काढणं सगळ्यात सोपं. थोडं नाकातून बोलायचं, वाक्य अर्ध्यावर आलं की कुजबुजायला लागायचं आणि शेवटी "हं?" जोडायचं. आपण जे बोललो त्याची परवानगी मागितल्यासारखं. "अक्षे, दार हळू लाव, हं?" आई तर दर वेळी फसते. एकदा इरावतीकाकूसुद्धा जिन्यावरून "आले, आले" करत खाली आली आणि समोर मला बघून लाटणं घेऊन मागे लागली.

काका-काकू आयर्लंडमधल्या गॉलवे शहरात आमच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहतात. काका इथे शिकायला आले, नोकरीला लागले आणि त्याच खोलीत राहून गेले. गेल्या वर्षी लग्न करून काकूला आणलं, तेवढाच काय तो बदल. हृदयात घालायच्या बारीक नळ्या बनवणाऱ्या कंपनीत ते कायमचे रात्रपाळीला आहेत. आत जाताना आधी केसांची जाळी, मग मास्क, मग पायघोळ पांढरा गाऊन, मग हातमोजे. क्रम चुकला की पुन्हा पहिल्यापासून. हा क्रम त्यांनी घरीही आणलाय. आधी डावा मोजा, मग उजवा, मग थर्मास, मग खिडकीला चिकटवलेली चांदीची फॉइल दाबून बघायची, कुठून उजेड तर येत नाही ना. सकाळी आम्ही टोस्ट खातो तेव्हा ते आमटी-भात खातात आणि झोपायला जातात. मग काकू दिवसभर चोरासारखी वावरते. कुकर शिट्टी द्यायच्या बेतात आला की गॅसकडे धावते.

यंदा त्यांच्या साहेबाने, डेक्लनने, दिवसपाळीची जागा देऊ केली. काकूने त्याच दिवशी सांगून टाकलं, "या वेळी हो म्हण, रणजित. नाहीतर मी नाशिकला परत जाते. मी लग्न माणसाशी केलंय, फॉइल लावलेल्या खिडकीशी नाही."

हे ती ओरडून म्हणाली असती तर मला एवढी भीती वाटली नसती. पण हेही ती कुजबुजत म्हणाली.

शुक्रवारी काका कामावरून हसत आले. "झालं एकदाचं. डेक्लनने विचारलं, मी म्हटलं, आय'म ग्रँड."

काकूचे डोळे भरून आले. लगेच रवा भाजायला घेतला. माझ्या कानात मात्र काहीतरी खुपलं. इथे 'ग्रँड' म्हणजे छान, मस्त, असं नव्या माणसाला वाटतं. पण चहा हवा का विचारल्यावर कुणी "आय'म ग्रँड" म्हणालं, तर किटली खाली ठेवायची. इथली ती 'नको' म्हणायची सभ्य रीत आहे. काकांनी ते सांगताना आवाज शेवटी खाली सोडला होता आणि तळहात किंचित वर केला होता. शिरा गोड झाला होता, पण मी अर्धी वाटी तशीच ठेवली.

रविवारी दुपारी काकूने आनंदाने आम्हा दोघांना सिनेमाला नेलं. युद्धाचा होता. डोंगराच्या पोटातल्या ठाण्यात मूठभर सैनिक अडकलेत. सूर्य दिसत नाही, तरी त्यांचा सार्जंट रोज "सकाळ झाली!" म्हणतो, सगळ्यांना कोरडी दाढी करायला लावतो, पाणी मापून देतो. भिंतीतल्या एका भोकाशी पहारा बदलतो, त्या भोकातून काहीच दिसत नसतं. वर तोफा धडाडत होत्या, माती गळत होती, मी पाय पोटाशी घेतले होते. काका निवांत पॉपकॉर्न खात होते.

मग युद्ध संपतं. त्यांचीच माणसं बाहेरून दार फोडायला येतात, आणि आतले सगळे बंदुका उचलून दारावर रोखतात. लोखंडाला फट पडली, पांढरा उजेड आत घुसला, आणि काकांनी माझं मनगट घट्ट पकडलं. हात बर्फासारखा गार. "कशाला उघडताहेत?" ते पुटपुटले. "चाललं होतं ना सगळं नीट."

बाहेर पडल्यावर नदीकाठाने चालताना वारा कापत होता. मी सार्जंटचा आवाज काढला. "सकाळ झाली! आधी डावा गाल, मग उजवा. रांग मोडायची नाही, हं?"

काकू खळखळून हसली. मग तिचं हसणं हळूहळू बंद पडलं. मी सार्जंट काढायला गेले होते, बाहेर आले होते काका.

"रणजित," ती थांबून म्हणाली, "डेक्लनला तू नेमकं कसं म्हणालास?"

"म्हटलं ना, ग्रँड म्हणून..."

"अक्षया, तू करून दाखव."

पहिल्यांदाच मला कुणाचा आवाज काढायची इच्छा नव्हती. काढला. आवाज खाली, तळहात वर.

काकू पांढरी पडली. "शेजारच्या आजी हेच म्हणतात. मी लाडू पुढे केला की. आणि लाडू परत घरी येतो."

काका कठड्याला टेकले. "दिवसा सगळे बघतात गं. रात्री मास्कच्या आत मी कुणीच नसतो, कुणी काही विचारत नाही. दिवसा जेवायला सगळे एकत्र बसतात. मी तिथे काय बोलू?"

"माझ्याशी तरी काय बोलतोस?" काकू म्हणाली. "उद्या तो ती जागा दुसऱ्याला देईल. आणि मी तिकीट काढेन."

काकांनी फोन काढला. "आज रविवार. तो मॅच बघत असेल." त्यांनी नंबर लावला, चुकून स्पीकर चालू झाला.

"रणजित! ऑल वेल?"

"डेक्लन, ॲबाउट द डेज..."

"अह, यू'र ग्रँड! आय नो यू लव्ह युअर नाइट्स."

झालं. 'राहू दे, काही बिघडलं नाही' म्हणून सुटकेचं दार त्यानेच उघडून दिलं. आता नुसतं "थँक्स" म्हटलं की संपलं. काका माझ्याकडे बघत होते, मी काकूकडे, काकू पाण्याकडे.

"नो," काका म्हणाले. कुजबुज नाही, चक्क मोठ्याने, चिरका आवाज. "आय'म नॉट ग्रँड. आय वॉन्ट द डेज."

पलीकडे टीव्हीवर लोक ओरडत होते. एक सीगल डोक्यावरून किंचाळत गेला.

"ग्रँड सो," डेक्लन म्हणाला आणि फोन बंद झाला.

काकांच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. "अक्षे... हे कुठलं ग्रँड?"

"हे 'ठरलं'वालं, काका."

काकूने त्यांची बाही धरली. ढगातून जरासं ऊन पडलं होतं, काकांनी डोळ्यांवर आडवा हात धरला.

"म्हणजे आता उजाडल्यावर जायचं," ते म्हणाले. "हं?"

"हं," काकू म्हणाली.