पोरकं आमेन

हेल्कियास विणकर हाताचा मऊ आणि जिभेचा खरबरीत. त्याच्या मागावरचं जवसाच्या धाग्याचं कापड तान्ह्या पोराच्या गालाला लावलं तरी खुपायचं नाही, आणि त्याच्या तोंडचं एक वाक्य ऐकलं की चांगला बाप्या दिवसभर कान चोळत बसायचा. आलेक्झांड्रियाच्या विणकर आळीत तो जन्मला, तिथंच म्हातारा झाला. दर शब्बाथला, आठवड्याच्या विसाव्याच्या दिवशी, यहुद्यांच्या मोठ्या प्रार्थनाघरात विणकरांच्या बाकावर, पार मागं दाराच्या वाऱ्यात, भिंतीला पाठ लावून बसायचा.

त्या घरात जो तो आपापल्या धंद्याच्या बाकावर. वाचायच्या चौथऱ्याच्या अंगाला सोनार, त्यांच्या मागं चांदीवाले, मग लोहार, मग तांबट, आणि सगळ्यांच्या शेवटी विणकर. घर असं लांबलचक पसरलेलं, की लाकडी चौथऱ्यावरचा वाचणारा देवाची काय स्तुती करतो ते विणकरांपर्यंत कधी पोचलंच नाही. स्तुती संपली की चौथऱ्यावरचा चाकर एक मोठं कापड हवेत फडकवायचा, आणि सगळं घर एका घशानं ओरडायचं, आमेन.

हेल्कियासला यात काही खोट दिसली नव्हती. त्याच्या बापानंही कापड बघूनच आमेन म्हटलं होतं. "आवाज सोनारांना, कापड आपल्याला," असं तो वर तोंड करून सांगायचा. "आन कापड विणलंय कुनी?"

मग एका शब्बाथला त्याच्या शेजारी यकीम येऊन बसला. यहूदियातनं, यहुद्यांच्या मूळ मुलखातनं, काम शोधत आदल्या दिवशीच आळीत उतरलेला विणकर. परक्या माणसानं आपल्या धंद्याचा बाक गाठायचा, म्हणजे जेवणाची आणि मागाची सोय लागते, ही तिथली रीत. कापड फडकलं, घर घुमलं, आणि यकीम तोंड मिटून बसला.

"का रं, घसा बसला काय?" हेल्कियासनं विचारलं.

"तुमी ऐकलं काय, त्यो काय म्हनला त्ये?"

"ऐकायचं कशाला? कापड दिसलं न्हवं?"

"मंग तुमचं आमेन पोरकंच की!" यकीम म्हणाला. "स्तुती कानावर न पडता आमेन म्हनलं, तर आमच्याकडं त्येला पोरकं आमेन म्हनत्यात. ना आई, ना बाप. तुमच्याकडं तर पोरक्यांचा बाजारच भरलाय!"

बाकावर हसू फुटलं. पलीकडचा त्रूफोन म्हणाला, "काल राती आमची डाळ वरपलीस, तवा ती पोरकी न्हवती व्हय रं?" यकीमही हसला. हेल्कियास मात्र अंगरख्याच्या काठाचा सुटा दोरा बोटाला गुंडाळत बसला.

त्या दिवसापासून तो शब्द त्याच्या अंगात कुसळासारखा रुतला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची लेक मारिन खारी मासळी आणि मुळा घेऊन आली, तर बाप तुटल्या धाग्यावर फणी मारतोय.

"आबा, ध्यान कुटं हाय तुमचं?"

"मारिन, उभ्या जल्मात म्यां किती येळा आमेन म्हनलं आसंल गं?"

"मला काय ठावं? तुमचा घसा जानं."

"समदी पोरकी." त्यानं फणी खाली ठेवली. "एक तरी आईबाप आसलेलं म्हनायचंय मला. एकच. मंग डोळं मिटलं तरी चालंल."

"डोळं मिटायची एवढी घाई नगं. जावई चांदीवाल्यांच्या बाकावर बसतोय न्हवं तुमचा? त्येला सांगते म्या."

जावई निकोन काही हौसेनं तयार झाला नाही. "मामा, आमच्यातली मानसं नाकं मुरडत्यात," तो म्हणाला. "खळीचा वास येतो म्हनतील."

"आन तुमी काय जावईबापू, अत्तर शिंपडून बसता? भट्टीचा धूरच येतो की तुमच्या अंगाला!"

"आबांची जागा धरून ठिवा, म्हंजे झालं," मारिन नवऱ्याला म्हणाली. विषय तिथंच मिटला.

शब्बाथला हेल्कियास घासून अंघोळ करून, धुतलेला अंगरखा घालून पुढं गेला. त्याला बघून एक जाडा चांदीवाला म्हणाला, "सरका रं, इनकर चांदीचा झाला!"

"चांदीची केसं तेवढी झाल्यात, बाबा," हेल्कियास म्हणाला आणि टेकला.

वाचणारा उभा राहिला. इतकी वर्षं हेल्कियासनं मनातल्या मनात त्याला उंच केला होता, गडगडणारा आवाज दिला होता. हा बुटका, नाक चोंदलेला, मधेच खोकणारा माणूस निघाला. पण शब्द येत होते. एकेक शब्द सुटा, स्वच्छ, ताण्यातल्या धाग्यासारखा. जे आपल्या भूमीपासून लांब राहून तुला हाका मारतात, वाचणारा म्हणत होता, त्यांच्याही हाका तू ऐकतोस, तू धन्य आहेस.

आपण जन्मभर याला होकार भरत होतो, आणि आपल्याला कुणी सांगितलं नाही. हेल्कियास वाचणाऱ्याच्या ओठांकडं बघतच राहिला. अजून काही येईल. अजून एखादा शब्द असेल. वर कापड फडकलं, पण त्याची नजर ओठांवरच. सगळं घर गरजलं आणि गप्प झालं. त्या शांततेत मग एकट्या म्हाताऱ्याचा चिरका आवाज उठला.

"आमेन!"

सोनारांच्या माना वळल्या. चाकरानं डोळे वटारले. जाडा चांदीवाला कुजबुजला, "आजोबा, तुमचं आमेन गाढवावर बसून आलं जनू!" निकोननं मान खाली घातली ती प्रार्थना संपेपर्यंत वर केली नाही.

बाहेर यकीम वाट बघत होता. "गावलं काय आईबाप?"

"गावलं," हेल्कियास म्हणाला. "पन तवर भावंडं फुडं निघून गेली."

पुढच्या शब्बाथला निकोननं तोंड वाकडं करून का होईना, जागा धरून ठेवली होती. हेल्कियास तिकडं फिरकला नाही. "भावंडांच्या संगतीनंच म्हनायचं आता," म्हणत मागं आपल्या भिंतीशी जाऊन बसला.

"काय वाचतोय तरी काय त्यो?" त्रूफोननं विचारलं.

"लांबनं हाका मारनाऱ्यांचं देव ऐकतो म्हनं."

त्रूफोननं मान उंचावून चौथऱ्याकडं बघितलं. "आसं म्हनतोय व्हय? आन आपुन हितं..."

"गप. फुडं बघ."

त्यापुढं हेल्कियास जितकी वर्षं जगला, तितकी त्याच बाकावर बसला. पूर्वी त्याला तिथून नुसतं कापड दिसायचं. आता नजर पहिली जायची ती वाचणाऱ्याच्या तोंडाकडं, आणि ते तोंड एवढ्या अंतरावरून तिळाएवढंही दिसत नसे. तो कान पुढं करायचा. मधे तांबटांचं खोकणं, लोहारांची पोरं, आणि वारा. कापड वर गेलं की तो सगळ्यांच्या बरोबर, सगळ्यांच्या घशात घसा मिसळून आमेन म्हणायचा. म्हणून झाल्यावरही त्याचं तोंड थोडा वेळ उघडंच राहायचं, तहानलेल्या माणसासारखं.